गवत बंद, सावल्या कमी

जुलै-ऑगस्टात पन्हाळ्यावर येणारा पर्यटक फार समाधानी असतो. सज्जाकोठीतून त्याला खालचं खोरं दिसत नाही. जोतिबाचा डोंगर दिसत नाही. तीन दरवाजाच्या एका कमानीत उभं राहिलं तर पुढची कमानही नीट दिसत नाही. दहा हातांवर धुकं सुरू होतं आणि जग तिथंच संपतं. तो भाजलेलं कणीस खातो, पांढऱ्याफटक पार्श्वभूमीवर सेल्फी काढतो आणि 'वातावरण एक नंबर' असं म्हणत घाट उतरतो. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर चढून येऊन काहीही न बघता इतकं प्रसन्न होणारा माणूस दुसरीकडे सापडणं कठीण.

व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांना ही युक्ती १९९९ सालीच वापरावी लागली होती. 'सायलेंट हिल' हा जपानी भयखेळ त्या वर्षी प्लेस्टेशनवर आला. आख्खं गाव लांबपर्यंत एकदम काढून दाखवणं त्या यंत्राच्या आवाक्याबाहेर होतं. मग गावावर धुकं सोडलं. जे काढायला परवडत नाही ते धुक्यात टाकायचं, एवढाच हिशोब. खेळणाऱ्यांनी त्याला 'काय वातावरण आहे' म्हणून डोक्यावर घेतलं.

आणि पन्हाळ्यावर, त्याच पावसात, निसर्गाने खिडकीबाहेर सगळं काही फुकटात 'लो'वर आणून ठेवलेलं असताना, आतल्या खोलीत अकरावीतला एखादा मुलगा पडद्यावरचं धुकं बंद करत बसलेला असतो. कारण 'व्हॉल्युमेट्रिक फॉग' फ्रेम खातो.

फ्रेम खाणाऱ्या गोष्टींचा शोध हा आता घरोघरचा उद्योग आहे. बोलणं साधारण असं चालतं :

'भावा, एफपीएस किती येतोय?'

'तीस. मारामारी सुरू झाली की बावीस.'

'शॅडो मार बंद.'

'मारलाय.'

'मग गवत मार.'

ऐकणाऱ्या घरच्यांना हा शेतीचा विषय वाटतो. मुलगा सुधारला असंही क्षणभर वाटून जातं.

हा सगळा जीव आटवायचा तो एका छोट्या भागाकारापायी. पडद्यावर हलणारं चित्र म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रं, म्हणजेच फ्रेम; सेकंदाला त्या किती येतात तो आकडा म्हणजे एफपीएस. सेकंदाला साठ चित्रं हवी असतील तर यंत्राला एका चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. तीस चालणार असतील तर ३३.३. आणि चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. एवढ्या वेळात कोण कुठं उभा आहे, कुणाची सावली कुणावर पडते, पाण्यात काय दिसतं, मागच्या झाडामुळे काय झाकलं गेलं हे सगळं ठरवून वीस लाख ठिपक्यांना रंग द्यायचा, आणि लगेच पुढच्या चित्राला लागायचं. त्यात एखादं चित्र उशिरा आलं की खेळणारा 'लॅग मारतोय' म्हणून माऊस आपटतो. सरकारी कचेरीत दाखल्यासाठी तीन आठवडे थांबणारा माणूसही चाळीस मिलिसेकंदांनी कातावतो, हे या छंदाचं वैशिष्ट्य.

वडिलांच्या पिढीची अडचण उलटी होती. जुन्या काँप्युटरच्या खोक्यावर 'टर्बो' नावाचं बटण असायचं. नावावरून ते यंत्र पळवतं असं वाटे. त्याचा खरा उपयोग यंत्र हळू करण्याचा. जुने गेम प्रोसेसरच्या वेगावरच चालत, आणि नव्या वेगवान यंत्रावर ते इतके सुसाट सुटत की राक्षस कधी आला आणि आपण कधी मेलो ते कळत नसे. मग टर्बो बंद करून यंत्राला जुन्या चालीवर आणायचं. यंत्र फार वेगवान आहे ही तक्रार त्यानंतर कुणी केलेली नाही.

उपचारांकडे वळायचं तर पहिला मान भारतीय उपचाराचा. डेस्कटॉपवर राईट क्लिक करून 'रिफ्रेश'. एकदा नव्हे, चार-पाच वेळा, जपमाळ ओढल्याच्या तल्लीनतेने. गेम सुरू करण्याआधी रिफ्रेश, अडकला की रिफ्रेश, बंद केल्यावर यंत्राला बरं वाटावं म्हणून पुन्हा रिफ्रेश. त्याने डेस्कटॉपवरची चिन्हं पुन्हा काढली जातात. एवढंच होतं. मेमरी मोकळी होत नाही, प्रोसेसरचा शीण जात नाही. तरीही हे देशभर चालतं आणि ते न करता गेम उघडणाऱ्याकडे लोक जरा संशयाने बघतात.

दुसरा उपचार टेंप आणि प्रीफेच या फोल्डरांतलं सगळं उडवण्याचा. टेंपमधला कचरा गेल्याने डिस्कवर जागा होते, हे खरं. प्रीफेच मात्र विंडोजने प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून ठेवलेली टिपणं असतात. ती पुसली की विंडोज बिचारं पहिल्यापासून लिहायला बसतं. वेग वाढवायच्या नावाखाली दर आठवड्याला त्याच्या वह्या जाळायच्या आणि वर 'हळू चालतोय' म्हणायचं.

तिसरा उपचार दिसायला सगळ्यांत गावठी, आणि नेमका तोच खरा. 'सीपीयू'ची बाजूची पत्र्याची झडप काढायची आणि टेबलफॅन समोर लावायचा. प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड ठरावीक तापमानापुढे गेलं की स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करतं. गेम पहिली दहा मिनिटं लोण्यासारखा पळतो आणि मग अडखळायला लागतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. आतल्या पंख्यात साठलेली धूळ ब्लोअरने काढली, चिपवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट बदलली, तर एकही सेटिंग न बदलता फ्रेम परत येतात. खंडेनवमीला खोक्याला हार घातला जातो, हळदकुंकू लावलं जातं. त्याच दिवशी झडप उघडून धूळही झाडावी, असा एखादा श्लोक कुणी रचायला हवा होता.

इथं पन्हाळेकराला वाटतं, आपण सुखी. गड समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंच, हवा गार, मे महिन्यातही खालच्या कोल्हापूरपेक्षा बरी. ते खरंच आहे. मात्र या उंचीवर हवा समुद्रकाठापेक्षा दहाएक टक्के विरळही असते, आणि पंख्याला उष्णता वाहून न्यायला हवाच लागते. गार हवेने दिलेलं थोडंसं विरळ हवा काढून घेते. उरलेलं पावसाळ्यात लाईट काढून घेते. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, आणि बॅटरीवर आलेला लॅपटॉप आपलं ग्राफिक्स कार्ड मुद्दाम संथ करतो. सेकंदाला साठ फ्रेम देणारा गेम त्याच क्षणी निम्म्यावर येतो. मुलगा सेटिंग बदलत बसतो. खरं तर त्याने बदलायचं असतं ते फक्त हवामान.

मेनू उघडण्याआधी एक तपासणी मात्र सक्तीची, आणि तिच्याबद्दल चारचौघांत कुणी बोलत नाही. ग्राफिक्स कार्ड घेतलं, घरी आणलं, बसवलं आणि मॉनिटरची केबल सवयीने मदरबोर्डच्या जुन्याच भोकात खोचली. नवं कार्ड आत नुसतं बसून राहतं आणि सगळं काम प्रोसेसरमधला इवलासा ग्राफिक्सचा भाग करतो. किंवा १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला आणि विंडोजमध्ये तो ६० वरच राहिला. किंवा स्वतंत्र कार्ड नसलेल्या यंत्रात सोळा जीबी रॅमची एकच पट्टी घातली. आठ-आठच्या दोन घातल्या असत्या तर दोन वाटांनी माल आला असता आणि फ्रेम चांगल्याच वाढल्या असत्या. या चुका सापडल्या की एका मिनिटात सुटतात. त्या केल्याचं कबूल करायला मात्र माणसं वर्षं घेतात.

आता मेनू.

मेनूत वीस-पंचवीस नावं असतात आणि प्रत्येकापुढे लो, मीडियम, हाय, अल्ट्रा. माणसाचा हात अल्ट्राकडे जातो, कारण आयुष्यात बाकी कुठं अल्ट्रा मिळालेलं नसतं. पण अल्ट्रा हे बऱ्याचदा आजच्या यंत्रासाठी नसतंच. २००७ मध्ये 'क्रायसिस' आला तेव्हा त्याची वरची सेटिंग त्या वेळच्या महागड्या यंत्रांनाही धाप लावत. पुढे कित्येक वर्षं नवं यंत्र दिसलं की जगभरची पोरं एकच प्रश्न विचारत : क्रायसिस चालतो का? हाय आणि अल्ट्रा यांतला फरक शोधायला दोन चित्रं शेजारी ठेवून भिंगातून बघावं लागतं. फ्रेममधला फरक मात्र डोळे मिटूनही कळतो.

सगळ्यांत खादाड असतात सावल्या. प्रत्येक दिव्याच्या जागेवरून जग पुन्हा एकदा बघायचं, कशाच्या आड काय येतं ते ठरवायचं, मग त्याच्या कडा मऊ करायच्या. म्हणून 'शॅडो मार बंद' हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. पण पूर्ण मारल्या तर माणसं जमिनीपासून चार बोटं वर तरंगताना दिसतात. सावली आहे एवढं कळावं आणि तिच्या कडा कशा आहेत हे विचारू नये, इतपत ठेवणं म्हणजे मीडियम.

मग गवत. २०१५ च्या एप्रिलमध्ये पीसीवर आलेल्या 'जीटीए फाईव्ह'मध्ये गवताचं वेगळं सेटिंग आहे आणि ते वर नेलं की शहरात सुरळीत पळणारी गाडी डोंगराळ भागात शिरताच रखडते. त्यामुळे गडावर राहणारा, दारात गुडघाभर गवत असलेला मुलगा गेममध्ये मात्र कटाक्षाने शहरातच हिंडतो. खेड्याकडे चला, असं त्याला कुणी सांगून उपयोग नाही. खेड्यात बावीस येतात.

मग केस. त्याच वर्षी मे महिन्यात 'विचर थ्री' आला. त्यातल्या नायकाच्या डोक्यावरचा केस न् केस वेगळा हलावा म्हणून एनव्हिडियाने 'हेअरवर्क्स' नावाचं तंत्र दिलं होतं. वाऱ्यावर भुरभुरणारे ते पांढरे केस बघून लोक हरखले आणि मग कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा बघून गप्प झाले. राक्षसांशी लढायला निघालेला माणूस केसांपायी अडखळतोय हे बघून बहुतेकांनी ते बंद केलं. त्या खेळात नायकाची दाढीही हळूहळू वाढते आणि त्याला न्हाव्याकडे जाता येतं. तेवढं वास्तव पुष्कळ झालं.

टेक्श्चरचं गणित वेगळं. दगडाचा खडबडीतपणा, कापडाची वीण ही चित्रं ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत भरून ठेवायची असतात. पन्हाळ्यावर अंबरखाना आहे : गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन धान्यकोठारं. कोठारात धान्य आहे तोवर गडावर ददात नाही. ते संपलं की बाहेरून एकेक पोतं वर चढवायचं. कार्डाची मेमरी चार जीबी आणि टेक्श्चर मागतंय सहा, अशी गत झाली की तेच होतं. माल सावकाश यंत्राच्या मुख्य रॅममधून वर येतो आणि प्रत्येक वळणावर खेळ दचके खातो. उलट कोठारात जागा असेल तर टेक्श्चर खुशाल हाय ठेवावं. फ्रेमवर त्याचा फारसा भार पडत नाही आणि देखणेपणा तिथंच असतो. हे न कळल्याने पुष्कळ लोक टेक्श्चर लो आणि सावल्या अल्ट्रा ठेवतात, आणि चिखलाच्या भिंतीवर पडलेली अप्रतिम सावली बघत बसतात.

मोशन ब्लर, फिल्म ग्रेन, क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन ही मंडळी सरळ बंद. चांगलं चित्र काढून झाल्यावर ते पुसट करायचं, त्यावर दाणे पाडायचे आणि कडांना भिंगाचा दोष लावायचा, यासाठी ही असतात. जे दोष काढायला फोटोग्राफरांनी शंभर वर्षं घालवली ते गेमवाल्यांनी हौसेने परत घातले.

एवढं करूनही भागलं नाही तर शेवटी ठिपक्यांनाच हात घालायचा. १०८० वरून ७२० वर आलं की ९,२१,६०० ठिपके उरतात, म्हणजे काम निम्म्याहूनही कमी. चित्र मात्र चष्मा विसरल्यासारखं दिसतं. त्यावर तोडगा म्हणून एनव्हिडियाने २०१८ मध्ये आरटीएक्स कार्डांसोबत 'डीएलएसएस' जाहीर केलं आणि २०२१ च्या जूनमध्ये एएमडीने 'एफएसआर' आणलं, जे जुन्या आणि दुसऱ्या कंपनीच्या कार्डांवरही चालतं. दोन्हींची रीत तीच : चित्र लहान काढायचं आणि मोठं करताना गाळलेल्या जागा हुशारीने भरायच्या. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये एनव्हिडिया आणखी पुढे गेली. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक फ्रेम यंत्रच अंदाजाने घालू लागलं. जगाला यात फार नवल वाटलं. मराठी माणसाला वाटायचं कारण नव्हतं. दोन खऱ्या प्रसंगांच्या मधला प्रसंग अंदाजाने, पण झोकात, घालण्याचं काम आपल्या बखरकारांनी कुठल्याही कार्डाविना करून ठेवलं आहे.

आणि कधीकधी सेटिंगचा काही दोषच नसतो. 'जीटीए ऑनलाईन' उघडायला मिनिटंच्या मिनिटं लागायची. लोकांनी रॅम वाढवली, एसएसडी घातली, रिफ्रेश तर केलंच केलं. २०२१ च्या फेब्रुवारीअखेर एका प्रोग्रॅमरने गेम आतून उलगडून पाहिला. सुमारे त्रेसष्ट हजार नोंदींची दहा एमबीची एक यादी गेम इतक्या अजब पद्धतीने वाचत होता, की पुढचा शब्द वाचण्याआधी दर वेळी उरलेल्या यादीची लांबी मोजत होता. हा आणि असाच आणखी एक घोळ दुरुस्त केल्यावर त्याच्या यंत्रावर लागणारा वेळ जवळपास ७० टक्क्यांनी घटला. रॉकस्टार कंपनीने त्याला दहा हजार डॉलर दिले आणि मार्चमध्ये दुरुस्ती सगळ्यांना पाठवली. तोवर ज्यांनी एसएसडी विकत घेतली होती त्यांना कुणी काही दिलं नाही.

याच्या उलट पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी' हा गेम. तो २०२० च्या ऑगस्टमध्ये आधी निन्टेंडो स्विच या हातात धरायच्या यंत्रावर आला आणि ऑक्टोबरमध्ये पीसीवर. आधी तोकड्या ताकदीच्या यंत्रात बसवावा लागल्यामुळे मध्यम पीसीवर तो फारसे आढेवेढे घेत नाही. त्यात कॅमेराही खेळाडूच्या मर्जीवर नसतो. कुठून काय दिसेल ते बनवणाराच ठरवतो, त्यामुळे मागची बाजू सजवायचा प्रश्नच येत नाही. गणपतीच्या मंडपाचे कलाकार हे फार पूर्वीपासून जाणतात.

पन्हाळ्यावरच्या मुलाचा जीव मात्र शेवटी अडकतो तो 'एम्पायर : टोटल वॉर'मध्ये. क्रिएटिव्ह असेंब्लीने हा गेम २००९ च्या मार्चमध्ये आणला. युरोपच्या सत्तांबरोबर त्यात मराठ्यांचीही बाजू घेऊन खेळता येतं, आणि मोहीम सुरू होते सन १७०० पासून. पन्हाळ्याच्या दृष्टीने याहून चांगलं वर्ष कुणी निवडलं नसतं. त्याच मार्चमध्ये राजाराम महाराज गेले, एप्रिलमध्ये सातारा औरंगजेबाने घेतला आणि ताराराणींनी कारभार हाती घेतला. १७०१ मध्ये बादशहा स्वतः पन्हाळ्यासमोर तळ देऊन बसला होता. इंग्लंडच्या राजाचा वकील सर विल्यम नॉरिस त्याला भेटायला आला तोही याच छावणीत. गड मुघलांकडे गेला, मराठ्यांनी परत घेतला आणि पुढे ताराराणींनी तिथूनच राज्य चालवलं. १७८२ मध्ये राजधानी कोल्हापुरात उतरेपर्यंत कारभाराचं गाव हेच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे. तेव्हा खिडकीतून तटबंदी दिसत असताना १७०० ची मोहीम हाती घेणाऱ्याच्या अंगात काय संचारत असेल, हे सांगायला नको.

पण औरंगजेबाशी गाठ पडण्याआधी गाठ पडते ती गेमच्या जुन्या बांधणीशी. तो ३२ बिटचा प्रोग्रॅम. यंत्रात बत्तीस जीबी रॅम ओतली तरी त्याला चारच्या वर हात घालता येत नाही. प्रोसेसरला आठ कोअर असले तरी बहुतेक ओझं एकाच्याच डोक्यावर. एक राबतो आणि सात बघतात, हे दृश्य ज्यांना सार्वजनिक कामाचा अनुभव आहे त्यांना परिचयाचं वाटेल. म्हणून मोठ्या लढाईत नवं यंत्रही मान टाकतं. मग पोरगं पाणी खाली आणतं, सावल्या खाली आणतं, झाडं विरळ करतं. प्रेफरन्सेसच्या फाईलमध्ये शिरून आकडे बदलतं आणि गेमने ते परत फिरवू नयेत म्हणून फाईलला 'रीड ओन्ली' करून कुलूप घालतं.

'तासभर झाला, खेळतोयस का दुरुस्त करतोयस?' आई विचारते.

'सेटिंग करतोय.'

शेवटचं हत्यार असतं तुकडीचा आकार : स्मॉल, मीडियम, लार्ज, अल्ट्रा. बाकीचं जग इथं अल्ट्रा लावतं, कारण मैदानभर फौज दिसली पाहिजे. पन्हाळेकराला इथं मनावर दगड ठेवावा लागत नाही. १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज याच गडावरून विशाळगडाकडे निघाले ते सहाशेच्या आसपास माणसं घेऊन, आणि त्यातली निम्मी बाजीप्रभूंबरोबर खिंडीत थांबली. तेव्हा 'स्मॉल' हे सेटिंग इतिहासाला धरून आहे. मूठभर मावळे, वर फ्रेम दुप्पट. नाद खुळा.

मग कोपऱ्यात एफपीएसचा आकडा लावून तो लढाईला उतरतो. आकडा साठ. घोडदळ सुटतं, साठ. तोफा धडाडतात, धूर होतो, साठ. त्याची नजर आकड्यावरून हलत नाही. त्यामुळे मुघलांची एक फौज डावीकडून येते ती त्याला दिसत नाही, मूठभर मावळे खरोखरच मूठभर असल्याने कापले जातात, आणि चार चालींत मराठ्यांची राजधानी पडते. साठच. तो पराभवाच्या पडद्याचा फोटो काढतो, आकड्याभोवती लाल वर्तुळ करतो आणि मित्रांच्या ग्रुपवर टाकतो. खालून कोल्हापुरातून एकाचं तत्काळ उत्तर येतं : 'जगात भारी भावा! सेटिंग पाठव.'